वाडीचं स्वतंत्र गाव कसं होतं: पहिल्या बैठकीपासून राजपत्रापर्यंत

कोकणातली वाडी, पालघर-नाशिककडचा पाडा, गडचिरोलीतला टोला, मराठवाड्यातला तांडा, सह्याद्रीच्या माथ्यावरचा धनगरवाडा. यातल्या कितीतरी वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या आहेत, पण सरकारी गावांच्या यादीत त्यांचं नाव नाही. जनगणनेत त्यांची माणसं मूळ गावात मोजली जातात, सातबाऱ्यावर गाव म्हणून दुसरंच नाव असतं, दाखल्यासाठी डोंगर उतरून ग्रामपंचायतीत जावं लागतं, आणि ग्रामसभेत सगळ्या वाडीने हात वर केले तरी मूळ गावाच्या हातांपुढे ते कमीच पडतात. मग कोणीतरी म्हणतं, आपण आपलं गाव वेगळं करून घेऊ या. त्या वाक्यानंतर काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगते. कचेऱ्यांची फारशी सवय नसलेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी पाहिलेले बरेच प्रस्ताव विरोधामुळे अडलेले नव्हते. अर्जात नेमकं काय मागितलंय ते स्पष्ट नव्हतं, आणि हद्दीचे कागद कच्चे होते. या दोन गोष्टी पक्क्या केल्या तर बाकीचं काम वेळखाऊ असलं तरी होतं.

आधी ठरवा: काय हवंय?

कायद्यात वाटा वेगवेगळ्या आहेत, त्यांची कचेरी वेगळी आणि त्यांतून मिळणारं फळही वेगळं. ‘आमच्या वाडीला गावाचा दर्जा द्यावा’ एवढंच लिहिलेला अर्ज तहसीलमधून पंचायत समितीत आणि तिथून परत तहसीलमध्ये फिरत राहतो.

पहिली वाट महसुली गावाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ प्रमाणे कोणतं क्षेत्र म्हणजे एक गाव हे अधिसूचनेने ठरवता येतं, गावाच्या हद्दी बदलता येतात, एका गावाची दोन करता येतात. असं झालं की वाडीला स्वतःचं नाव, स्वतःचा गावनकाशा, स्वतःचे सातबारे आणि जनगणनेत स्वतःची नोंद मिळते. वेगळा सरपंच मात्र मिळत नाही. एका ग्रामपंचायतीत अनेक महसुली गावं असू शकतात. राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार ४३ हजारांहून अधिक गावं आहेत आणि ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, त्यावरून ग्रुप ग्रामपंचायती किती असतील याचा अंदाज येईल.

दुसरी वाट स्वतंत्र ग्रामपंचायतीची. ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ आणि संविधानाच्या अनुच्छेद २४३ मधून जाते. सध्याच्या ग्रामपंचायतीशी आणि जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीशी विचारविनिमय केल्यावर अधिसूचना निघते. लोकसंख्या आणि अंतराचे निकष शासन निर्णयांनी ठरतात, आदिवासी भाग व तांड्यांसाठी ते शिथिल असतात आणि मधून मधून बदलतात. म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नका, पंचायत समितीतून चालू निर्णयाची प्रत घ्या. हेही लक्षात ठेवा की ग्रामपंचायत म्हणजे खर्चही आहे. १,५०० पर्यंत लोकसंख्या असली तर सात सदस्य असतात. कार्यालय, शिपाई, पाणीपुरवठ्याचं वीजबिल हे सगळं घरपट्टी-पाणीपट्टीतून उभं करायचं असतं. ऐंशी घरांची वाडी हा भार पेलेल का, याचा हिशेब अर्जाआधी कागदावर मांडा.

तिसरी वाट फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे संविधानाखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागातल्या, पाड्या-टोल्यांसाठी आहे: पेसा गाव (पेसा म्हणजे अशा भागातल्या पंचायतींसाठीचा वेगळा कायदा). माझ्या मते लोकांच्या हातात सगळ्यात जास्त बळ देणारी वाट हीच, म्हणून तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

वस्ती वनजमिनीवर असेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(१)(ज) पाहा. वनगावं, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावं यांचं महसुली गावात रूपांतर हा त्यात हक्क म्हणून मान्य केलेला आहे. तो दावा ग्रामसभा आणि वनहक्क समितीकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या लहान वाडीने आधी महसुली गाव मागावं, ग्रामपंचायतीचा विचार नंतर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. महसुली नोंद वेगळी झालेली असली की ग्रामपंचायतीची फाइल पुष्कळ सुकर होते. उलट क्रमाने गेलात तर हद्दीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो.

वाडीची बैठक

प्रत्येक घरातलं माणूस यायला हवं, आणि बायकांना मागच्या ओळीत बसवून चालणार नाही. पाणी कुठून येतं, रेशन कुठे मिळतं, बाळंतिणीला कुठल्या रस्त्याने नेतात, याची खरी माहिती त्यांच्याकडे असते आणि प्रस्तावाचं कारण त्याच माहितीतून उभं राहतं. कोकणात मुंबईकर मंडळींना जरूर कळवा. कागद जमवायला त्यांची मोठी मदत होते. पण मतदार यादीत नाव गावाला नसेल तर त्यांची सही मतदार म्हणून धरली जाणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

बैठकीत विरोधही मोकळेपणाने बोलू द्या. ज्याची निम्मी जमीन मूळ गावाच्या बाजूला आहे, ज्याचा भाऊ तिथे सदस्य आहे, ज्याला वाटतं की वेगळं झालो तर नळयोजना तुटेल, त्यांच्या शंका आत्ता ऐकल्या तर त्याच पुढे लेखी हरकती होऊन समोर येणार नाहीत. पाच-सात जणांची समिती करा: हद्दी माहीत असलेलं एखादं वयस्क माणूस, कागद नीट ठेवणारं एखादं, आणि किमान दोन बायका. बैठकीचं इतिवृत्त वहीत लिहा, तारीख घाला, हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. ही वही शेवटपर्यंत उपयोगी पडते.

कागद कुठून मिळवायचे

ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. त्यावरून वाडीत घरं किती ते सिद्ध होतं. मतदार यादीतला वाडीचा भाग. शाळा आणि अंगणवाडीची पटसंख्या, त्यांच्या शिक्क्यासह. तलाठ्याकडून (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि मूळ गावाचा गाव नमुना एक (गावातल्या सगळ्या जमिनींची नोंदवही). तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल. सातबारा महाभूलेखवर आणि नकाशा महाभूनकाशावर दिसतो. घरी अभ्यास करायला तेवढं पुरे, पण प्रस्तावाला सही-शिक्क्याची नक्कलच जोडा.

वाडीचं जुनेपण दाखवणारं जे काही असेल ते शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या जुन्या नोंदी, जन्म-मृत्यूचे उतारे, जुने फेरफार, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर छापलेलं वाडीचं नाव. मूळ गावापासूनचं अंतर लिहिताना वाहनाच्या रस्त्याचं आणि पायवाटेचं वेगळं लिहा. पावसाळ्यात ओढा किती दिवस अडवतो तेही लिहा. ‘गैरसोय होते’ या दोन शब्दांपेक्षा हे तपशील फार बोलतात.

कुठला कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

हद्द: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वाडीची मनातली हद्द सगळ्यांना ठाऊक असते, पण कचेरीला ती गट नंबरांत लागते. म्हणून नव्या गावात येणाऱ्या प्रत्येक गटाची यादी करा: गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार (म्हणजे जमिनीचा सारा), भोगवटादाराचं नाव, जमिनीचा प्रकार. खाली बेरीज करा. मूळ गावाच्या गाव नमुना एकमधलं एकूण क्षेत्र हे नव्या गावाचं आणि उरलेल्या गावाचं मिळून तंतोतंत भरलं पाहिजे. एक आर इकडेतिकडे झाला तरी भूमी अभिलेखाकडून फाइल परत येते, आणि ती यायलाच हवी, कारण तो आर कोणाच्या तरी शेतातला असतो.

हद्दीची रेघ शक्यतो गटाच्या बांधावरून, ओढ्यावरून, रस्त्यावरून किंवा डोंगराच्या धारेवरून न्या. एखादा गट मधोमध कापला तर पोटहिस्सा पाडावा लागतो, सरकारी मोजणी लागते, तिची फी आणि तारखा लागतात आणि शेजारच्या खातेदारांना नोटिसा जातात. एवढं सगळं चार गुंठ्यांसाठी करू नका. नव्या गावाच्या पोटात मूळ गावाचा तुकडा राहू देऊ नका, आणि उलटही नको.

मग सामाईक गोष्टी. गुरचरण, स्मशानभूमी, देवराई, तळं, पाण्याचा झरा, नळयोजनेची विहीर, शाळेचं मैदान. या एकेकीवर दोन्हीकडच्या लोकांचा वापर असतो. कुठली गोष्ट कोणत्या गावात जाईल आणि ती दुसऱ्या गावाने कशी वापरायची, हे लिहून ठेवा. विशेषतः पाणी. उन्हाळ्यात वाडीची विहीर आटते आणि मूळ गावाच्या टाकीवरून पाणी येतं, अशी स्थिती असेल तर ती लपवू नका. त्यावर तोडगा असल्याशिवाय रेघ ओढली तर पहिल्याच वैशाखात तुमचेच लोक तुम्हाला जाब विचारतील, आणि तो रास्त असेल.

आणखी एक नाजूक गोष्ट. पुष्कळ वाड्यांत घरंच स्वतःच्या नावच्या जमिनीवर नसतात. काही खासगी मालकाच्या गटात, काही गायरानात, काही वनखात्याच्या हद्दीत. स्वतंत्र गाव झालं म्हणून ती घरं आपोआप कायम होत नाहीत. त्यासाठी गावठाण लागतं, आणि गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी संहितेच्या कलम १२२ खाली ठरवतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकतपत्रिका दिल्या जातात, पण गावठाणच नसलेली वाडी त्या लाभापासून दूर राहते. म्हणून महसुली गावाच्या अर्जासोबत गावठाणाची मागणी वेगळ्या अर्जात आत्ताच करा. लोकांना खोटी आशा लावू नका. घर कोणाच्या गटात आहे हे घरोघर जाऊन सांगा, मग त्यांना सही मागा.

नाव ठरवतानाही थोडं थांबा. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलण्याचं धोरण राज्याने डिसेंबर २०२० मध्ये स्वीकारलं आहे. नव्या गावाला जुनं जातिवाचक नाव पुन्हा कागदावर चढवण्याचं काही कारण नाही. ओढा, डोंगर, झाड, जुनी वहिवाट यांतून नाव सापडतं. त्याच तालुक्यात त्याच नावाचं दुसरं गाव नाही एवढं पाहून घ्या.

मूळ गाव आणि ग्रामसभा

ग्रामसभेत विषय मांडायच्या आधी मूळ गावाच्या माणसांना भेटा. सरपंच, पोलीस पाटील, देवस्थानची मानकरी मंडळी, आणि ज्यांचे गट नव्या हद्दीत येणार आहेत ते सगळे खातेदार. यादी आणि नकाशा त्यांच्यासमोर उलगडा. पालखीचा मान, होळीचा माळ, जत्रेची वर्गणी हे प्रश्न निघतीलच. ते महसुली नाहीत, पण विरोधाचं मूळ अनेकदा तिथेच असतं. महसुली गाव वेगळं झालं तरी देव आणि वहिवाट वेगळी होत नाही, हे शांतपणे सांगा आणि लिहूनही द्या.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा. तुमचा विषय दोन्हीकडे घ्या. विषयपत्रिकेत तो यावा म्हणून ग्रामसेवकाला (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळच्या विषयां’त तो घालू नका, तसा ठराव पुढे कोणीही आक्षेपाखाली आणू शकतो. गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी ती. वाडीतल्या माणसांनी त्या दिवशी मजुरी बुडवूनही यायला हवं.

ठरावाची भाषा अशी ठेवता येईल:

“मौजे ______ या महसुली गावातील ______ वाडी, सोबतच्या यादीतील गटांसह वेगळी करून ‘______’ या नावाचे स्वतंत्र महसुली गाव घोषित करण्यास या ग्रामसभेची संमती आहे. ______ येथील विहीर, स्मशानभूमी व गुरचरण यांचा वापर दोन्ही गावांचे ग्रामस्थ पूर्वीप्रमाणे करतील. सूचक ______, अनुमोदक ______. बाजूने ___, विरोधात ___. ठराव मंजूर.”

मतं मोजून आकडे लिहायला लावा. ‘सर्वानुमते’ असं लिहून कोणाचा विरोध झाकला गेला, तर तोच माणूस पुढे हरकतीत तेवढंच दाखवेल. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या.

ठराव फेटाळला गेला तर? वाडीच्या सह्यांचा अर्ज तरीही देता येतो. महसुली गाव घोषित करण्याचा अधिकार ग्रामसभेचा नाही, शासनाचा आहे. पण फेटाळलेला ठराव लपवू नका. तो जोडा आणि विरोधाच्या प्रत्येक मुद्द्याला अर्जात उत्तर द्या.

अर्ज आणि त्याचा प्रवास

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, तहसीलदारांमार्फत. पहिल्या परिच्छेदात मागणी आणि कलम, दुसऱ्यात कारणं, मग जोडपत्रांची क्रमवार यादी. प्रत्येक पानावर क्रमांक घाला. दोन संच करा आणि आपल्या संचावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तो क्रमांक नसेल तर तुमचा अर्ज कचेरीच्या दृष्टीने आलेलाच नाही.

पुढे तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याचा स्थळपाहणी अहवाल होतो. त्या दिवशी हद्द दाखवायला समितीने हजर राहावं. मग भूमी अभिलेखाकडून नकाशा आणि क्षेत्राची तपासणी, तहसीलदारांचा अभिप्राय, प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. कलम ४ खालची अधिसूचना काढण्याआधी तिचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. हा काळ फार महत्त्वाचा. मसुद्यातले गट नंबर आपल्या यादीशी एकेक करून ताडून पाहा. चूक असेल तर मुदतीत लेखी कळवा. अंतिम अधिसूचना निघाल्यावर एक गट दुरुस्त करायलाही पुन्हा सगळा फेरा घालावा लागतो.

फाइल थांबली असं वाटलं तर ती कुठल्या टेबलावर आहे हे आवक क्रमांक दाखवून विचारा. त्याने भागलं नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनात (लोकांच्या तक्रारी ऐकायचा कचेरीतला ठरलेला दिवस) अर्ज द्या, नंतर जिल्ह्याच्या. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. मोर्चा, उपोषण हा तुमचा हक्क आहेच, पण अपुऱ्या फाइलसाठी केलेल्या उपोषणातून आश्वासनाचं पत्र मिळतं आणि फाइल अपुरीच राहते.

काळाचंही भान हवं. जनगणनेआधी गावांच्या हद्दी गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, आणि तिच्यासाठी हद्दबदल करायला राज्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतची मुदत दिलेली होती. हद्दी गोठलेल्या असताना अधिसूचनेची घाई करण्यात अर्थ नाही. तो काळ गट नंबरांची यादी, नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव पक्का करण्यात घालवा.

पेसा गावाची वाट

पेसा कायदा १९९६ चा. त्यात गावाचं वर्णनच असं आहे की एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या परंपरा आणि रूढींप्रमाणे आपला कारभार चालवतो, ते गाव. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यांप्रमाणे पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. पडताळणी होऊन तो जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्तांकडे जातो, आणि राजपत्रात पाडा गाव म्हणून जाहीर होतो. कुठल्या टप्प्याला किती दिवस, हे नियमांतच दिलं आहे. नियमांची प्रत जवळ ठेवा आणि मुदत उलटली की त्याच नियमाचा आधार देऊन पत्र लिहा.

इथे मूळ ग्रामपंचायतीच्या बहुमतापुढे तुम्ही हरत नाही, कारण मोजले जातात ते तुमच्या पाड्याचे मतदार. सातबारा किंवा सरपंच यांत काही बदल होत नाही, पण पाड्याची स्वतःची ग्रामसभा उभी राहते. गौण वनोपज, गौण खनिज, लहान जलसाठे, जमीन हस्तांतर, सावकारी, दारू अशा विषयांत तिला कायद्याने अधिकार आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार ग्रामसभेच्या हातात घेतला, ते सगळ्या राज्यासमोर आहे. ग्रामसभा नियमित बसत असेल, वही लिहिली जात असेल, तरच हे अधिकार वापरात येतात. म्हणून गाव जाहीर व्हायची वाट न पाहता पाड्याची सभा दर महिन्याला आत्तापासून घेऊ लागा.

अधिसूचना निघाल्यावर

राजपत्राच्या दहा-बारा प्रती काढून घरोघर द्या. लगेच तलाठ्याकडे नव्या गावाचे सातबारे आणि गाव नमुने वेगळे करायचा अर्ज करा. एकेक सातबारा तपासा: नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्कांतले बोजे, कूळ. पीककर्ज आणि सोसायटीचं सभासदत्व असलेल्यांनी बँकेला अधिसूचनेची प्रत द्यावी, नाहीतर पुढच्या हंगामात कर्जाच्या कागदावर जुनं गाव आणि सातबाऱ्यावर नवं, असा घोळ होतो. पीकविमा आणि शेतकऱ्यांच्या अनुदानाच्या नोंदींतही गावाचं नाव बदललंय का ते पाहा. रेशनकार्ड आणि आधारवरचा पत्ता सवडीने बदलला तरी चालतो.

पोलीस पाटलाच्या पदासाठी प्रांत कार्यालयात, गावठाणासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मतदान केंद्र वाडीतच मिळावं म्हणून तहसीलच्या निवडणूक शाखेत, असे तीन वेगळे अर्ज पहिल्या महिन्यातच द्या. ग्रामपंचायत स्वतंत्र झाली असेल तर मालमत्ता आणि देणी यांची वाटणी होते, आणि पहिली निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहतो. त्या वाटणीच्या यादीत नळयोजनेचं थकीत वीजबिल कोणाच्या नावावर टाकलंय, हे सही करण्याआधी वाचा.